घरबसल्या डॉक्टरेट आणि दारावरची मोजणी

रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने १९१६ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र शाळा काढली. आज तेथील ‘डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ’ ही पदवी नोकरी सांभाळून, बराचसा अभ्यास इंटरनेटवरून करून मिळवता येते. सोय उत्तमच आहे. पण या पदवीचा गाभा पडद्यावरून शिकवता येतो का, हे तपासायला हवे.

हा गाभा कोणता? पीएच.डी. करणाऱ्याने नवे ज्ञान शोधायचे असते. ही पदवी घेणाऱ्याने असलेले ज्ञान लोकांपर्यंत नेणारी यंत्रणा चालवायची असते. त्याचा रोगी एक माणूस नसून सारी वस्ती असते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ साली हा फरक नेमका मांडला. अमक्याचा रक्तदाब का वाढला, हा एक प्रश्न. साऱ्या समाजाचाच रक्तदाब जास्त का, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचे उत्तर मिळतेच असे नाही.

दुसऱ्या प्रश्नाला संख्याशास्त्र लागते. ते पडद्यावरून चांगले शिकता येते. अवघड भाग हवा तितक्या वेळा पाहता येतो. पण आकडे येतात कोठून?

राणी व अभय बंग यांनी हॉपकिन्समध्येच सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि पुढे गडचिरोलीत काम उभे केले. ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेऊन त्यांनी ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी कमी आढळला. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. यातील टक्केवारीचे गणित आपला आठवीचा विद्यार्थीही करील. अवघड होते ते मृत्यू मोजणे. दुसऱ्या दिवशी घरातच दगावलेले बाळ, कोणी दारापर्यंत गेल्याशिवाय, कोणत्याच नोंदवहीत येत नाही.

ऑनलाइन पदवीचे बळ नेमके येथेच आहे. तालुक्याचा आरोग्य अधिकारी रात्री पद्धत शिकेल आणि सकाळी स्वतःच्याच नोंदी तिच्यावर घासून पाहील. त्यासाठी त्याला तालुका सोडावा लागणार नाही. अर्थात अमेरिकी शुल्क त्याच्या पगारात बसणे कठीण आहे.

उणीवही येथेच आहे. अमेरिकेतील मान्यता देणारी परिषद या पदवीसाठी एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम आणि त्यातून तिच्या उपयोगी पडेल असे काही तयार करण्याची अट घालते. अट योग्यच. पण दूरच्या मार्गदर्शकापुढे शेवटी येतो तो अहवाल. नोंद दारावर झाली की टेबलावर, हे अहवालावरून कळत नाही. पटावरची संख्या आणि वर्गात बसलेली मुले यांतला फरक शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. तेथून नोकरी करता करता बी.एड. झालेल्या वाचकांना विचारावे: पुस्तके घरी वाचता आली, पण पाठ घेताना मागच्या बाकावर कोणी बसले नसते, तर काय शिकलो असतो? अशा पदवीची जाहिरात पाहिली की आम्ही एवढेच विचारू: या विद्यार्थ्याबरोबर वस्तीत कोण फिरणार आहे? उत्तरात एखाद्या स्थानिक मार्गदर्शकाचे नाव असेल, तर पदवी खुशाल इंटरनेटवरून मिळो.