एकविसाव्या वेताळाचा वंश

आम्ही दोघे शिक्षक. एक शिरूरचा, एक दौंडचा. एक विज्ञान शिकवतो, दुसरा मराठी. आमची मैत्री झाली ती मात्र इंद्रजाल कॉमिक्समुळे. पुण्याहून नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन तेव्हा दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. तेवढ्या वेळात फलाटावरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून एक अंक घ्यायचा, तो शिरूरला पोचवायचा आणि तिकडचा वाचलेला अंक दौंडला आणायचा, असा आमचा व्यवहार होता. इंद्रजाल 1964 च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि 1990 मध्ये बंद पडलं. आमच्याकडे त्यातले काही मराठी अंक उरले आहेत, बहुतेकांची मुखपृष्ठं गेलेली.

गेल्या उन्हाळी सुट्टीत यातला एक गठ्ठा आम्ही नववीच्या मुलांपुढे ठेवला. हेतू एवढाच की मुलांनी काहीतरी वाचावं. दोन दिवसांनी एका मुलीनं विचारलं, "वेताळाला जुळं झालं ना, एक मुलगा आणि एक मुलगी? मग बाविसावा वेताळ मुलगाच होणार हे कसं काय ठरलं? दोघं एकाच दिवशी जन्मलेत की." आम्ही म्हणालो, "परंपराच तशी आहे." ती गप्प बसली. शिक्षकानं असं उत्तर दिलं की मुलं गप्प बसतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला मात्र ते उत्तर टोचत राहिलं आणि त्या निमित्तानं ही सगळी गोष्ट आम्ही पुन्हा, या वेळी जरा संशयानं, वाचून काढली.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ली फॉक या अमेरिकन लेखकानं 17 फेब्रुवारी 1936 रोजी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत हा नायक आणला. इंग्रजीत तो 'फँटम', आपल्याकडे 'वेताळ'. 1536 साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण किनाऱ्याला लागतो. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात घेऊन तो चाचेगिरी आणि अन्याय यांच्याविरुद्ध लढण्याची शपथ घेतो. आपल्यानंतर आपल्या मुलानं, त्याच्यानंतर त्याच्या मुलानं हेच करायचं, असंही तो ठरवतो. मुखवटा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख, कवटीची अंगठी आणि कवटीच्या आकाराची गुहा बापाकडून मुलाकडे जाते. जंगलातल्या लोकांना वाटतं, हा एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. म्हणून तो 'चालतंबोलतं भूत'. प्रत्यक्षात आपण वाचतो तो एकविसावा.

आधी साधा हिशेब करू या. 1536 ते 1936 ही चारशे वर्षं. पहिल्यापासून एकविसाव्यापर्यंत वीस हस्तांतरणं. म्हणजे एका पिढीला सरासरी वीस वर्षं. प्रत्येक वेताळ विशीतच बाप झाला असला पाहिजे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे आपापल्या घराण्याची नामावळी ज्यांनी पाहिली असेल त्यांना माहीत आहे की बाप-मुलातलं अंतर सगळ्या पिढ्यांत इतकं कमी राहत नाही. थोरल्यापाठी धाकटे असतात, आधी मुली होतात. तीस वर्षं धरली तर चारशे वर्षांत तेरा-चौदा पिढ्या होतात, एकवीस नाहीत. गंमत अशी की खुद्द एकविसाव्याचं लग्न ली फॉकनं 1977 साली लावलं आणि जुळं झालं 1979 मध्ये. त्याच्या वाडवडिलांनी घाई केली नसती तर हा जन्मालाच आला नसता आणि यानं स्वतः मात्र एक्केचाळीस वर्षं लावली! कॉमिकमध्ये वय वाढत नाही हे आम्हाला मान्य आहे. वर्गात हे गणित घातलं तेव्हा हसू फुटलं, एवढं खरं.

आता रक्ताकडे वळू. गोष्टीचा सगळा भर 'वंश' या शब्दावर आहे. मुलामध्ये बापाचा निम्मा वाटा येतो, आजोबाचा साधारण पाव, पणजोबाचा आठवा. दरवेळी निम्मं करत वीस पायऱ्या उतरलो की पहिल्या वेताळाचा एकविसाव्यातला सरासरी वाटा 10,48,576 मध्ये एक एवढा उरतो. शिवाय हा वाटा दुधात पाणी मिसळत जावं तसा पातळ होत जात नाही. गुणसूत्रांचे तुकडे होतात आणि ते तुकडे पुढे जातात किंवा जात नाहीत. त्यामुळे वीस पिढ्यांनंतर एखाद्या ठरावीक पूर्वजाचा एकही तुकडा आपल्यात नसण्याचीच शक्यता फार मोठी असते. तो आपला पूर्वज असतो, पण त्याचं आपल्या पेशींत काहीही नसतं. ही गोष्ट आम्हाला स्वतःला पचायला वेळ लागला. वंशावळ आणि वारसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवायला याहून बरं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो चाणाक्ष विद्यार्थी लगेच काढतात. वाय गुणसूत्र. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. बाप-मुलगा-नातू ही साखळी खरोखर न तुटता चालली असेल, तर पहिल्याचं वाय गुणसूत्र एकविसाव्याकडे आहे. पण या गुणसूत्रावर असतं काय? मुख्यतः पुरुष घडण्याशी आणि शुक्रजंतू तयार होण्याशी संबंधित जनुकं. ठोसा मारण्याचं, घोड्यावर बसण्याचं किंवा अन्यायाची चीड येण्याचं जनुक तिथे कुणाला सापडलेलं नाही. म्हणजे रक्तातून पुढे गेलं म्हणावं तर एवढंच.

आणि गंमत म्हणजे ही गोष्ट स्वतःच ते कबूल करते. सतराव्या वेताळाला एक जुळी बहीण आहे, ज्यूली. भाऊ काम करू शकत नव्हता तेव्हा तिनं मुखवटा चढवला आणि ती वेताळ झाली. तिच्याकडे वाय गुणसूत्र नाही. जंगलात कामं अडली नाहीत. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या हातातल्या गठ्ठ्याच्या बाहेर, पण याच मालिकेत, होतं आणि आम्ही 'परंपरा' सांगून मोकळे झालो होतो.

मग जातं काय? नीट वाचलं तर दिसतं की गुहेतली सगळ्यात मोलाची वस्तू अंगठी नाही, खजिना नाही; तिथली जाडजूड रोजनामे लिहिलेली वह्यांची फळी आहे. प्रत्येक वेताळ आपण काय केलं ते लिहून ठेवतो, पुढचा ते वाचतो. एकविसाव्याला तर लहानपणीच शिक्षणासाठी अमेरिकेत नातेवाइकांकडे पाठवलं होतं. बाप मरणाच्या दारी असताना तो परत आला. म्हणजे वाढत्या वयातली कित्येक वर्षं तो बापाजवळ नव्हताच. त्याला वेताळ केलं ते लहानपणीच्या जंगलानं, शाळेनं आणि त्या वह्यांनी. आपल्या शाळेत मुख्याध्यापक बदलतात तेव्हा जुने साहेब नव्या साहेबांना चार्ज देतात: जनरल रजिस्टर, जडवस्तू संग्रह, किल्ल्या. शाळा तीच राहते. वेताळाचं तेच आहे. फक्त आपल्याकडे चार्ज घ्यायला साहेबांचा मुलगाच असावा लागत नाही.

एवढ्यावर आमची तक्रार संपत नाही. आता जंगलातल्या लोकांच्या बाजूनं पाहू. त्यांच्यासमोर दोन तर्क आहेत. एक, हा माणूस मरत नाही. दोन, माणसं बदलतात, कपडे तेच राहतात. यातला कुठला खरा, हे कसं ठरवाल? मुलांना विचारलं तर बहुतेकांनी आधी अंगठी धरली: वेताळाचा ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उठतो आणि तो ठसा चारशे वर्षं तोच आहे. पण अंगठी तीच असेल तर हात कुणाचाही असला तरी ठसा तोच उठणार. जो पुरावा दोन्ही तर्कांना सारखाच बसतो तो पुरावाच नाही. हे लक्षात आल्यावर वर्गात सूचनांचा पाऊस पडला. जुनी जखम दाखवायला सांगा. पावलाचं माप घेऊन ठेवा. आवाज ऐका. दौंडच्या एका मुलानं सांगितलं, "माझ्या आजोबांशी तू काय बोलला होतास, ते विचारायचं." यावर दुसरा म्हणाला, "ते वहीत लिहिलेलं असणार." असा वाद ज्या वर्गात होतो, तिथे वैज्ञानिक पद्धतीचा धडा वेगळा घ्यावा लागत नाही.

कॉमिकमध्ये मात्र चारशे वर्षांत ही तपासणी कुणी करत नाही. गुपित ठाऊक असतं ते वेताळाला, त्याच्या जवळच्या बांदार लोकांना आणि वाचकाला. बाकी सगळ्या जमाती भोळ्या. नायक गोरा, त्याचा वंश गोरा आणि न्याय देणारा तोच, आणि स्थानिकांनी फक्त घाबरायचं किंवा आदर करायचा. आम्ही लहानपणी हे पाहिलंच नाही, कारण आम्ही स्वतःला मुखवट्याच्या आतल्या बाजूला समजत होतो. खरं तर शिरूर-दौंडची पोरं त्या चित्रात कुठे बसली असती, तर झाडामागून बघणाऱ्यांच्या रांगेत.

नावाचीही एक विसंगती आहे. आपला वेताळ म्हणजे वेशीबाहेरचा शेंदूर लावलेला दगड, भुतांचा राजा. आणि वेताळपंचविशीतला वेताळ? तो राजाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, असा त्याचा दम असतो. 'चांदोबा' वाचून वाढलेल्यांना हे सांगायला नको. ज्याच्या नावातच प्रश्न आहे, ते नाव आपण अशा नायकाला दिलं की ज्याचं राज्य कुणी प्रश्न विचारत नाही म्हणून टिकून आहे.

इंद्रजालनंच 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आणला. तो दरोडेखोराचा मुलगा. ज्या पोलीस अधिकाऱ्यामुळे बाप गेला त्यानंच त्याला वाढवलं आणि तो गावकऱ्यांच्या संरक्षणासाठी उभा राहिला. बापाचा वारसा नाकारणारा हा नायक आम्हाला तेव्हा वेताळाहून फिका वाटायचा, आज वाटत नाही. अमेरिकेतही पुढे पोशाख रक्ताबाहेर जाऊ लागले. 'फ्लॅश' 1940 मध्ये एक, 1956 मध्ये दुसरा, 1986 मध्ये तिसरा झाला आणि यातला तिसरा हा दुसऱ्याच्या बायकोचा भाचा. 'मिस मार्व्हल' हे नाव 2014 मध्ये न्यू जर्सीतल्या कमला खान या पाकिस्तानी कुटुंबातल्या शाळकरी मुलीनं घेतलं. ते तिला कुणी वारशात दिलं नव्हतं. आवडत्या नायिकेचं म्हणून तिनं ते उचललं.

एवढं सगळं असूनही आम्ही हे अंक रद्दीत घालणार नाही. चित्रं अजून धरून ठेवतात आणि गुहेतल्या त्या वह्यांचं चित्र आलं की पान उलटायला हात धजत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आम्ही त्या मुलीला ज्यूलीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग भाऊ बरा झाल्यावर तिनं मुखवटा परत का दिला?" यावर विज्ञानाच्या शिक्षकानं मराठीच्या शिक्षकाकडे पाहिलं.