शंका घेणारी विंडोज

विंडोज एक्सपीची एक आवृत्ती अशी होती, जी दुकानात कधीच मिळाली नाही. दिसायला तीच. तीच हिरवी टेकडी, तेच निळं आकाश, तेच स्टार्ट बटण. फक्त सुरू व्हायला इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात चहा टाकून, गाळून, पिऊन व्हावा. आणि मध्येच, सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना, थांबायची. बिघडली म्हणून नव्हे. तिला शंका आली म्हणून.

हिचं नाव चेक्ड बिल्ड. दुकानात मिळायची ती फ्री बिल्ड. इथे फ्री म्हणजे फुकट नव्हे, तर तपासणीच्या सामानातून मोकळी केलेली. विंडोज एनटीच्या काळापासून मायक्रोसॉफ्ट एकाच सोर्स कोडमधून या दोन जुळ्या बहिणी काढत असे. एक तुमच्या-आमच्यासाठी, दुसरी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी. विंडोज १०च्या १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८पासून, दुसरी काढणं बंद झालं.

तुमच्या हातातल्या फोनलाही अशा बहिणी आहेत. अँड्रॉइडच्या तीन जाती असतात: युजर, युजरडीबग आणि इंजिनिअरांसाठीची इंजी. तुमच्याकडे आहे ती युजर. सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की ‘आता तुम्ही डेव्हलपर आहात’ असं फोन कौतुकानं सांगतो. पण तो बैठकीच्या खोलीतून जेमतेम स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेतो, आत नाही.

मी हे सगळं साहित्याच्या वेबझिनमध्ये का लिहितेय? एक कारण कायद्याचं आहे, त्याकडे नंतर येते. दुसरं असं की चेक्ड बिल्ड हा मला वाचण्याजोगा मजकूर वाटतो. माझा धंदा ड्रायव्हर लिहिण्याचा, सवय पुस्तकं वाचण्याची. दोन्हींची गाठ इतकी घट्ट पूर्वी कधी पडली नव्हती.

कोड लिहिणारा माणूस मध्येमध्ये एक विशिष्ट प्रकारचं वाक्य लिहून ठेवतो. त्याला अ‍ॅसर्ट म्हणतात. ‘इथे पोचेपर्यंत ही यादी रिकामी असूच शकत नाही.’ ‘हे कुलूप या घडीला माझ्याच हातात असलं पाहिजे.’ ही वाक्यं यंत्राला काही करायला सांगत नाहीत. ती लिहिणाऱ्याची गृहीतकं असतात, आणि गृहीतक लिहून ठेवावंसं वाटतं तेव्हा त्याच्या पोटात थोडी शंका असतेच. फ्री बिल्ड तयार होताना ही सगळी वाक्यं गळून पडतात. चेक्डमध्ये ती जिवंत राहतात आणि यंत्र चालताना प्रत्येक वेळी पडताळली जातात. एखादं खोटं ठरलं की जोडलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार ओळी उमटतात: कोणतं गृहीतक मोडलं, कोणत्या फायलीत, कितव्या ओळीवर. आणि मग प्रश्न: थांबू, दुर्लक्ष करू, हा प्रोसेस मारू की फक्त हा थ्रेड? दुसरा कॉम्प्युटर जोडलेलाच नसेल तर सरळ निळा पडदा.

या भाषेतला सूर मला आवडतो. आज फोनवर काही फसलं तर काय दिसतं? ‘काहीतरी चूक झाली. पुन्हा प्रयत्न करा.’ या वाक्यात कोणी बोलत नाही, आणि ते कोणाशी बोलत नाही. ग्राहकाला गोंजारून वाटेला लावण्यासाठी लिहिलेलं वाक्य ते. चेक्ड बिल्ड सॉरी म्हणत नाही, गोंजारत नाही. ती शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी बोलल्यासारखी बोलते: मला वाटलं होतं असं असेल, तसं नाहीये, बघ जरा. मोठ्या कंपनीच्या मालात इतका उघडा कबुलीजबाब क्वचितच सापडतो.

एनटी कशी घडली यावर जी. पास्कल झॅकरी यांचं ‘शोस्टॉपर!’ हे पुस्तक १९९४मध्ये आलं. डेव्ह कटलर आणि त्यांच्या टोळीनं १९९३च्या जुलैमध्ये एनटी ३.१ बाहेर काढली, तोवरच्या झुंजीची ती कथा. वाचायला जबरदस्त आहे, पण त्यातली माणसं सारखी गड सर करत असतात. गड सर करणाऱ्यांना रात्री काय वाटत होतं, ते मला पुस्तकात कमी आणि अ‍ॅसर्टमध्ये जास्त दिसतं. महाभारताच्या भांडारकर आवृत्तीची आठवण इथे होते: वर संहिता, खाली तळटीपांत पाठभेदांची दाटी. १९१९ ते १९६६ इतकी वर्षं त्या कामाला लागली. पण ही तुलना फार ताणू नये. तिथे शंका नंतरच्या संपादकांच्या आहेत, इथे लिहिणाऱ्यांच्या स्वतःच्या. लेखकानं हस्तलिखिताच्या समासात ‘हे नक्की ना?’ असं लिहावं आणि छापताना समास कापून टाकावा, तसं काहीसं.

हे सगळं मला बसल्या बसल्या सुचलेलं नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीला माझ्या मामाचा छोटा कारखाना आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, मशिनिंग होतं, मग तयार जॉब मोजमापाच्या यंत्रावर जातो. ते यंत्र अजून ठणठणीत आहे. त्याला जोडलेला कॉम्प्युटर मात्र एक्सपीवरचा, आणि मधल्या कार्डाचा ड्रायव्हर ज्यांनी लिहिला त्यांनी कधीच गाशा गुंडाळलाय. दोन-चार दिवसांतून एकदा मोजमाप मध्येच अडकायचं. पडद्यावर ‘वाट पाहा’ आणि काटा फिरत राहायचा. बंद करून चालू केलं की ठीक. पण अडकलेला जॉब पुन्हा पहिल्यापासून लावायचा, आणि शिफ्ट संपताना ट्रक दारात उभा. नवीन यंत्राचा भाव ऐकून मामा महिनाभर गप्प होता. मग फोन आला, “तू पुण्यात एवढं कॉम्प्युटरचं करतीस न्हवं? मग बघ की गं एकदा येऊन.”

गेले, पाहिलं. ड्रायव्हर व्हेरिफायर हे विंडोज २०००पासून सोबत येणारं साधन आधी लावलं. चेक्ड बिल्डच्या जागी आज तेच वापरा असं सांगितलं जातं, आणि नव्या विंडोजवर मी रोज तेच वापरते. चांगलं साधन आहे. पण इथे त्याला यंत्र सुरू होतानाच कार्डाच्या ड्रायव्हरची एक किरकोळ चूक सापडायची आणि ते तिथेच निळा पडदा टाकून मोकळं व्हायचं. मला ती चूक नको होती, दोन दिवसांनी येणारी हवी होती. किरकोळ गोष्टीवर ‘दुर्लक्ष कर’ म्हणून पुढे जाता येईल, असा खडूस पण समंजस साथीदार हवा होता. म्हणजे एक्सपीचं चेक्ड कर्नल. तेही नेमकं सर्व्हिस पॅक २चं, कारण मूळ विंडोज ज्या पॅकची, त्याच पॅकचं कर्नल आणि त्याच पॅकची हॅल फाइल लागते. नाहीतर दोघी एकमेकींना ओळखत नाहीत.

शोधायला लागले आणि लक्षात आलं की ही वस्तू जवळजवळ कुठेच नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला. ३ ऑगस्ट २०२०ला मायक्रोसॉफ्टनं डाउनलोड सेंटरवरची एसएचए-१ सहीची विंडोजची सामग्री काढून घेतली. ती सही आता बनावट करता येते, त्यामुळे कारण रास्त आहे. पण त्या झाडलोटीत जुनं बरंच काही गेलं. उरतात कुठल्या कुठल्या साइटवर अनोळखी माणसांनी चढवलेल्या फायली. कर्नल म्हणजे यंत्राचा जीव. तो रस्त्यावरून उचलून कारखान्यात नेणारी माणसं असतील, मी नाही.

आता ते कायद्याचं. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’ या शब्दाच्या व्याख्येत कॉम्प्युटर प्रोग्रॅमही बसतो. गंमत नाही, खरंच. कादंबरी आणि कर्नल एकाच कलमात शेजारी शेजारी. म्हणून एखाद्यानं त्याची प्रत काढून वाटली की तो साहित्यचोर. बरं. पण १९५४चा दुसरा एक कायदा आहे. त्याप्रमाणे इथे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकानं ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना पाठवायची असते, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या एकेका ग्रंथालयाला. त्या कायद्याला प्रोग्रॅम माहीतच नाही. म्हणजे हक्क सांगताना साहित्य, आणि जपायची वेळ आली की भंगार. पुण्यामुंबईत लिहिलेल्या, जिच्यावर इथल्या पतपेढ्या आणि गिरण्या चालल्या, अशा एका तरी जुन्या सॉफ्टवेअरची प्रत एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात मागून मिळेल का? मला मायक्रोसॉफ्टपेक्षा हा प्रश्न जास्त टोचतो. मायक्रोसॉफ्ट दुकान आहे, दुकानानं जुना माल काढला. ग्रंथालय कुठे होतं?

मला डिस्क मिळाली ती ग्रंथालयात नव्हे, कोथरूडच्या एका माळ्यावर. माझ्या पहिल्या नोकरीतले निवृत्त झालेले एक काका. त्यांच्याकडे एमएसडीएनच्या सदस्यत्वात आलेल्या सीडींचे जाड फोल्डर होते, नीट क्रमानं लावलेले. पहिली चेक्ड डिस्क सर्व्हिस पॅक नसलेली निघाली, निरुपयोगी. दुसरीवर बुरशीचा पांढरा डाग. तिसरी हवी ती. मी म्हटलं, द्या दोन दिवसांसाठी. काका म्हणाले, “डिस्क देणार नाही. लायसन्स माझं आहे. मी येतो.”

त्याआधी खात्री करून घ्यायची होती. एमएसडीएनच्या यादीत प्रत्येक डिस्कपुढे तिचा एसएचए-१ आकडा असायचा, आणि हौशी लोकांनी त्या याद्या जपून ठेवल्यात. काकांनी फोनवर चाळीस अक्षरं एकेक करून वाचली, मी पडद्यावर बोट ठेवून जुळवत गेले. ज्या एसएचए-१ला धोकादायक म्हणून निवृत्त केलं, तीच आज जुन्या वस्तूंचं जन्मचिन्ह आहे. जुळलं. एकोणिसाव्या अक्षराला काकांना चष्मा बदलावा लागला, तेवढंच.

पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून नल मोडेम केबल घेतली आणि आम्ही शिरोलीला गेलो. मूळ हार्ड डिस्क काढून ठेवली, तिच्या प्रतीवर काम केलं. अख्खी विंडोज बदलली नाही, फक्त कर्नल आणि हॅल, आणि सुरू होताना दोन्हींपैकी निवडता येईल अशी सोय. माझा लॅपटॉप केबलला लावून रविवारभर बसलो. किरकोळ तक्रारी आल्या, आम्ही दुर्लक्ष म्हणत गेलो. मामा दर तासाला येऊन बघायचा, “काय म्हणती?” काका म्हणायचे, “कुरकुर करतेय. करू दे.”

पावणेपाचला ती थांबली आणि खरं बोलली. कर्नलमध्ये एक जुनं गृहीतक आहे: एखादी विनंती ‘पूर्ण झाली’ म्हणून परत येते, तेव्हा तिच्यावर ‘प्रलंबित’ असा शेरा असू शकत नाही. आमचा ड्रायव्हर नेमकं तेच करत होता. फाइल निकाली काढायची आणि शेरा मात्र ‘प्रलंबित’ ठेवायचा. फ्री बिल्ड हे मुकाट्यानं पुढे पाठवायची. वरचं सॉफ्टवेअर तो शेरा पाहून विचारत राहायचं, झालं का, झालं का? सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मामाला एका वाक्यात कळलं.

ड्रायव्हरचा सोर्स कोणाकडे नाही, त्यामुळे चूक काढता आली नाही. पण ती कधी होते ते कळलं: प्रोब मागे येत असतानाच पुढच्या बिंदूचं बटण दाबलं तर. संध्याकाळी मूळ हार्ड डिस्क परत बसवली. काकांनी आपली सीडी रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवली. मामानं पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून यंत्राला चिकटवलं:

प्रोब थांबल्यावर पाच मोजणे. मग बटण.