तीन पुस्तके आणि एक उणीव

अलीकडचे मराठी साहित्य वाचण्याजोगे राहिले नाही, अशी तक्रार विद्वानांच्या तोंडून वारंवार ऐकू येते. आम्हांस ती मान्य नाही. हल्ली वाचलेल्या पुस्तकांपैकी तीन तरी आम्हांस पुन्हा हाती घ्यावीशी वाटली. तथापि त्यांच्या वाचनाने एक उणीवही जाणवली. ती मोकळेपणाने सांगणे हे वाचकाचे कर्तव्यच होय.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' ह्या कादंबरीस २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विस्थापित गावातील माणूस मागे राहिलेली म्हैस आणावयास जातो, तो ती रानटी झालेली आढळते. एवढ्याशा कथासूत्रावर लेखकाने विस्थापनाचा सारा अर्थ तोलून धरला आहे. मात्र निवेदन एकाच भावनेभोवती इतके घोटाळते की, सहनशील वाचकही पुढली पाने चाळू लागतो.

कल्पना दुधाळ यांचा 'सिझर कर म्हणते माती' हा संग्रह २०१० चा. माती म्हणजे माता, हे रूपक आपल्या काव्यात वापरून वापरून गुळगुळीत झाले होते. ह्या शेतकरी कवयित्रीने मातीलाच शस्त्रक्रिया मागावयास लाविले आणि रूपकातील भाबडेपणा एका फटक्यात काढून टाकिला. काही कवितांत प्रतिमांची दाटी होते, हे खरे. पण अनुभव उसना नाही.

देविदास सौदागर यांच्या 'उसवण'ला २०२४ चा अकादमीचा युवा पुरस्कार लाभला. तयार कपड्यांच्या लाटेत शिंप्याचा धंदा कसा बुडतो, त्याची ही कथा. लेखकाने स्वतः शिवणकाम केलेले असल्यामुळे येथे दारिद्र्यास विशेषणांची गरज पडत नाही. शिलाईचा हिशेब पुरतो. जेथे लेखक नायकाचे दुःख आपणांस समजावू लागतो, तेथे मात्र टाका सैल पडतो.

आता उणीव. नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गावर आमचे बुटीबोरी आहे. भोवताली मोठी औद्योगिक वसाहत वसली. येथील पुष्कळांचे घर तेच, उंबरठाही तोच. पूर्वी वावराकडे वळणारे पाऊल आता पाळीच्या वेळेस कारखान्याकडे वळते, एवढाच फरक. अशा घरांतील मुले आमच्यापुढे वर्गात बसतात. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधील शिकूनही बेकार राहिलेला एकनाथ त्यांस चटकन कळतो. परंतु ठेकेदाराकडे काम लागलेला, आणि ते पुढल्या महिन्यात राहील की नाही हे न जाणणारा, त्यांचा स्वतःचा सोबती त्यांस पुस्तकात क्वचितच भेटतो. मुंबईच्या कामगारास नारायण सुर्वे लाभले. ह्या विखुरलेल्या कामगाराचा कवी अजून यावयाचा आहे.

लेखकास विषय नेमून देणे हे टीकाकाराचे काम नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. आमची मागणी विषयाची नसून दृष्टीची आहे. गेले त्यासाठी रडावे कसे, हे आपल्या लेखकांस उत्तम साधले आहे. जे आले त्याकडे डोळे उघडून पाहणे अजून साधावयाचे आहे. 'उसवण'ने त्याची वाट दाखविली आहे: आधी काम जाणावे, मग दुःख सांगावे. ती वाट कातरीपासून यंत्रापर्यंत कोणी नेली, तर आमच्या वर्गातील मागल्या बाकावरचा, रात्रपाळी करून आलेला मुलगाही पुस्तक उघडील.