निळा बुडबुडा, हिरवा बुडबुडा

अमेरिकेतली शाळकरी मुलं बुडबुड्याच्या रंगावरून एकमेकांची ऐपत जोखतात, असं सुरगाण्याच्या बाजारात सांगितलं तर लोक हसतील. इथे आयफोन मुळात कमी, आणि ज्याच्याकडे आहे तोही बोलतो व्हॉट्सअ‍ॅपवरच. पण ज्या सेवेमुळे हा प्रकार सुरू झाला ती ॲपलची 'आयमेसेज' मला समीक्षेचा विषय वाटते. ती २०११मध्ये आली. आयफोनवरून ॲपलच्याच यंत्राला पाठवलेला मेसेज निळ्या बुडबुड्यात दिसतो, अँड्रॉइडला पाठवलेला हिरव्या.

यातली मेख बारकाईनं वाचल्याशिवाय कळत नाही. समोरून आलेले मेसेज दोन्ही वेळा राखाडीच असतात. रंग चढतो तो आपण लिहिलेल्या वाक्यांवर. म्हणजे वाक्य माझं, पण त्याचा रंग सांगतो समोरच्याच्या खिशात काय आहे ते. पत्रव्यवहाराच्या इतिहासात असा निवेदक मला दुसरा आठवत नाही. सुरगाण्यातून पोस्टकार्ड टाकताना घेणाऱ्याकडे कुठल्या कंपनीचं पेन आहे, हे पोस्टमननं कधी विचारलं नाही.

हे सहज घडलेलं नाही. 'एपिक गेम्स' विरुद्ध ॲपल या खटल्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांचे आपसातले ईमेल उघड झाले. २०१३मध्ये क्रेग फेडेरिगी यांचं म्हणणं होतं की आयमेसेज अँड्रॉइडवर नेलं, तर आयफोनवाल्या घरांना मुलांसाठी अँड्रॉइड फोन घेण्यातला एक अडथळा दूर होईल. २०१६मध्ये फिल शिलर यांचा सूर असा, की त्यात आपला फायद्यापेक्षा तोटाच जास्त. या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत स्वच्छ गद्य हेच. जाहिरातीत ज्याला जवळीक म्हणतात, त्याला इथे अडथळा म्हटलंय. २०२२मध्ये एका कार्यक्रमात एकानं टिम कुक यांच्यापुढे तक्रार केली, की आईला काही व्हिडिओ नीट पाठवता येत नाहीत. आईला आयफोन घेऊन द्या, असं उत्तर त्याला मिळालं. लोक हसले म्हणतात. विनोद बरा होता, फक्त तो आईच्या खर्चानं होता.

मग विंडोज, लिनक्स किंवा अँड्रॉइड वापरणाऱ्यानं काय करायचं? 'ब्लूबबल्स' किंवा 'एअरमेसेज' वापरायचं असेल तर घरात एक मॅक संगणक सतत चालू ठेवावा लागतो. तो ॲपलच्या वतीनं मेसेज घेतो आणि आपल्या दुसऱ्या यंत्राकडे ढकलतो. थोडक्यात, दार टाळण्यासाठी दाराशी पगारी माणूस बसवायचा, आणि तोही मालकाच्याच घरातला. मायक्रोसॉफ्टच्या 'फोन लिंक'नं २०२३मध्ये आयफोन ब्लूटूथनं जोडायची सोय केली, पण सुरुवातीला त्यात ना ग्रुप, ना फोटो, ना जुना संवाद. सर्वांत धाडसी निघालं 'बीपर मिनी'. एका सोळा वर्षांच्या शाळकरी मुलानं आयमेसेजची बोलणी उलगडून दाखवली होती. त्या आधारावर ५ डिसेंबर २०२३ला हे ॲप अँड्रॉइडवर आलं आणि मॅकशिवाय निळा बुडबुडा पाठवू लागलं. तीन दिवसांत ॲपलनं ते बंद पाडलं. काही आठवडे उंदरा-मांजराचा खेळ चालला, मग बीपरनं हात टेकले.

ॲपलनं सुरक्षेचं कारण दिलं, आणि ते अगदीच पोकळ नाही. खोटी ओळख दाखवून कुणी आत शिरत असेल, तर दार बंद करावंच लागतं. पण हाच सुरक्षेचा मालक आपल्या गिऱ्हाइकाचा अँड्रॉइडला जाणारा प्रत्येक मेसेज वर्षानुवर्षं साध्या एसएमएसनं, विनाकुलूप पाठवत राहिला, हे कसं विसरायचं? २०२४च्या मार्चमध्ये अमेरिकी न्याय खात्यानं ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात हा मुद्दा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात आयफोननं 'आरसीएस' स्वीकारलं, फोटो-व्हिडिओ बरे जाऊ लागले. बुडबुडा मात्र हिरवाच राहिला.

साध्या एसएमएसवर ढकलल्या जाणाऱ्या मराठीची गोष्ट तर निराळीच. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'सुरगाणा' आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, यंत्राच्या हिशेबी तो सात. ज्यांनी दर मेसेजला पैसे मोजले, त्यांनी 'kasa ahes' का लिहिलं, याचं उत्तर भाषाप्रेमाच्या अभावात शोधू नये.

बंद दारांशी मराठीचा परिचय जुना आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की पडद्यावर नुसती खिचडी दिसे. कितीतरी मासिकांचे जुने अंक असेच अडकून आहेत. युनिकोडनं लिपीला कंपनीच्या तावडीतून सोडवलं. सीमेच्या अलीकडे सुरगाण्यात कोकणा बोली देवनागरीत लिहिली जाते, पलीकडे डांगात गुजराती लिपीत. दोन्ही लिखाणं आज कुठल्याही फोनवर दिसतात. लिपी मोकळी झाली, निरोप्या मात्र नाही.

आणि आवाज? आमच्याकडचं थाळगान घ्या. धातूच्या थाळीवर मेणानं काडी उभी करायची, तिच्यावरून बोटं ओढत नाद काढायचा आणि कणसरीची कथा गात जायची. समजा, कुणी ती आयमेसेजवर आवाजी निरोप म्हणून पाठवली. मूळ सेटिंग तसंच असेल, तर ऐकून झाल्यावर दोन मिनिटांत तो निरोप पुसला जातो. 'ठेवा' म्हणणं ही ऐकणाऱ्याची जबाबदारी. ठेवला तरी फाइल 'सीएएफ' या ॲपलच्याच घडणीच्या प्रकारात मिळते. मौखिक परंपरेबद्दल इतकी बेफिकिरी मला एखाद्या पुराभिलेख खात्यातही दिसली नाही.

व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्यांनी यावरून फार खूश होऊ नये. तेही एकाच कंपनीचं अंगण आहे. फरक एवढाच, की तिथे फोनची जात विचारत नाहीत. तरी २०२१पर्यंत आयफोनवरचा व्हॉट्सअ‍ॅप संवाद अँड्रॉइडवर न्यायची अधिकृत सोय नव्हती. फोन बदलला, की बोललेलं मागे राही.

थाळगानाच्या नोंदी करताना मी मेमरी कार्डच मागतो. कार्ड काढायचं, संगणकात घालायचं, फाइल उतरवून घ्यायची आणि कार्ड परत द्यायचं. पोरं हसतात, पण कार्ड देतात.