ॲटनबरो : एका विरळ इंग्रजी आडनावाची व्युत्पत्ती

ॲटनबरो हे आडनाव भारतीय वाचकास १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटाच्या दिग्दर्शकामुळे परिचित झाले. इंग्लंडात मात्र ते विरळच असून त्याचा मुख्य आढळ नॉटिंगहॅमशर व लगतच्या भागात आहे. त्याच्या दोन व्युत्पत्ती संभवतात. पहिलीनुसार ते ट्रेंट नदीकाठच्या ॲटनबरो या गावावरून आले. त्या ग्रामनामाचा मूळ अर्थ ‘ॲडा नामक व्यक्तीचे तटबंद ठाणे’ असा आहे. दुसरीनुसार ‘ॲटन’ हा मध्य इंग्रजीतील शब्दयोगी अव्यय व निर्देशक उपपद यांचा संयोग होय, आणि आडनावाचा अर्थ ‘गढीपाशी राहणारा’ असा होतो.

दुसऱ्या व्युत्पत्तीस नॅश या आडनावाचा आधार दाखविता येतो. ‘ॲटन ॲश’ मधील न-कार पुढील शब्दास चिकटून ते सिद्ध झाले. परंतु हा आधार पुरेसा नाही. ‘बुर्ह’ हा प्राचीन इंग्रजीत स्त्रीलिंगी शब्द. त्याच्या अगोदर ‘ॲटन’ नव्हे, ‘ॲटर’ अपेक्षित आहे. शिवाय अशा ठिकाणी नाम चतुर्थीत येते, आणि ‘बुर्ह’च्या चतुर्थीच्या रूपापासून ‘बरी’ निघाले, ‘बरो’ नव्हे. या दोन्ही अटी पाळणारे आडनाव इंग्रजीत आहेच, ते म्हणजे ॲटरबरी. मध्य इंग्रजीत लिंगव्यवस्था ढासळत होती हा आक्षेप खरा. ओक वृक्षाचे नाव स्त्रीलिंगी असूनही ‘ॲटन ओक’पासून नोक्स झाले. पण तेथे पुढे स्वर आहे. व्यंजनापूर्वी हा न-कार सामान्यतः लोप पावतो. ‘बरो’पूर्वीच तो का टिकावा, याचे उत्तर या व्युत्पत्तीपाशी नाही. म्हणून ग्रामनामाचीच व्युत्पत्ती ग्राह्य ठरते. आडनावाचा आढळ त्याच परिसरात असणेही तिला पोषक आहे. गावात राहणाऱ्यास गावाचे नाव उपयोगाचे नसते. ते बाहेर पडून जवळपास स्थिरावलेल्यासच चिकटते.

टुरी किंग व मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ॲटनबरो आडनावाच्या ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांत ते गुणसूत्र एकाच किंवा जवळजवळ एकाच प्रकारचे आढळले. यावरून ‘एकच मूळपुरुष, म्हणून एकच गाव’ असे अनुमान काढण्याचा मोह होतो, तो टाळला पाहिजे. काही घराण्यांत पुत्रसंतती वाढते, काही निर्वंश होतात. सुमारे ७०० वर्षांत अनेक मूळपुरुषांपैकी एकाचाच वंश उरणे केवळ योगायोगानेही घडू शकते. लेखकद्वयानेच ही मर्यादा स्पष्ट केली आहे. आडनाव कशावरून पडले याचा गुणसूत्रांच्या विविधतेवर परिणामही त्यांना आढळला नाही. मग त्या विविधतेवरून व्युत्पत्ती कशी ठरावी?

निर्णायक पुरावा जुन्या दप्तरांतच शोधावा लागेल. मध्ययुगीन करपत्रकांत ग्रामनामापूर्वी लॅटिन ‘दे’ लिहिण्याचा प्रघात होता. ज्या नोंदीत ‘दे’पुढे ‘ॲटन’सह संपूर्ण नाव येते, तेथे ‘ॲटन’ला पुन्हा अव्यय मानण्यास जागा उरत नाही.