गुणवत्ता, संशय आणि आत्मकथन : दोन अमेरिकी आत्मचरित्रांचा तौलनिक विचार

अमेरिकेतील उच्च शिक्षणात वंशाधारित प्रवेशधोरणाविषयी विद्यार्थ्याची जी मनोभूमिका घडते, तिचा उलगडा केवळ लाभहानीच्या हिशेबातून होत नाही. क्लॅरन्स थॉमस यांचे ‘माय ग्रँडफादर्स सन’ (२००७) आणि सोनिया सोटोमायोर यांचे ‘माय बिलव्हेड वर्ल्ड’ (२०१३) ही आत्मचरित्रे एकत्र वाचली असता हे ध्यानात येते. दोघांचेही बालपण अभावात गेले. दोघांनीही येल विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली, थॉमस यांनी १९७४ मध्ये तर सोटोमायोर यांनी १९७९ मध्ये. दोघांच्या वाट्याला संशयही एकच आला : हा प्रवेश गुणवत्तेचा की वंशाचा?

थॉमस यांच्या लेखी या संशयाचे मूळ धोरणातच आहे. सिगारच्या पाकिटावरील १५ सेंटांची किंमतचिठ्ठी पदवीच्या चौकटीवर चिकटवण्याचा प्रसंग हे त्या वैफल्याचे प्रतीक होय. याउलट, प्वेर्तो रिकन नसता तर प्रवेश मिळाला असता काय, असे विचारणाऱ्या विधिसंस्थेच्या प्रतिनिधीविरुद्ध सोटोमायोर रीतसर तक्रार करतात. म्हणजे संशयाचा भार त्या संशय घेणाऱ्यावरच परतवतात.

हा भेद आत्मचरित्राच्या रचनेतही उतरला आहे. थॉमस यांच्या कथनाचे केंद्र आजोबांचा स्वावलंबनाचा आदर्श हे आहे. तेथे साहाय्य हे ऋण ठरते. सोटोमायोर यांचा ‘मी’ कुटुंब आणि समूह यांच्या आधाराने घडतो. तेथे साहाय्य हा कलंक ठरत नाही.

१९७८ च्या बाकी खटल्यात राखीव जागा अमान्य झाल्या. विद्यार्थिवर्गातील वैविध्यासाठी वंशाचा विचार मात्र ग्राह्य ठरला. परिणामी विद्यार्थ्याच्या प्रवेशाचे समर्थन गतकालीन अन्यायाच्या परिमार्जनाऐवजी संस्थेच्या शैक्षणिक हितावर उभे राहिले आणि मूळ संशय अनुत्तरित राहिला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंशाधारित प्रवेशपद्धती घटनाबाह्य ठरविली, तेव्हा थॉमस यांनी सहमतीचे आणि सोटोमायोर यांनी विरोधाचे स्वतंत्र मत नोंदविले.

जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, तेव्हापासून ही तुलना मराठीला परिचित आहे. तरीही वंश आणि जात यांचे समीकरण मांडणे घाईचे होईल. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद १५(४) मुळे येथील विशेष तरतुदीचा पाया निराळा आहे. म्हणून दलित आत्मकथनांच्या अभ्यासकाने लाभार्थ्याची गुणवत्ता सिद्ध करीत बसण्याऐवजी निवेदक संशय स्वतःचा मानतो की परत करतो, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल.