४० टक्के नेमकं काय मोजतात?

दिव्यांगांच्या नोकरीवर किंवा शिक्षणावर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर तुमच्या प्रश्नावलीत एक रकाना हमखास येणार: 'दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त: होय / नाही'. सिनॉप्सिस देण्याआधी या रकान्याकडे जरा संशयाने बघा.

हा आकडा येतो कुठून? सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, दृष्टी, श्रवण वगैरे तपासून डॉक्टर टक्के देतात. दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सूत्रच आहे. मोठा आकडा 'अ', लहान 'ब' धरला तर एकत्रित टक्के = अ + ब(९० − अ)/९०. ३० आणि १५ घालून बघा, बरोबर ४० येतात. १५ च्या जागी १४ घाला, ३९.३. म्हणजे एवढ्याशा फरकाने माणूस सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या बाहेर.

जागा मोजक्या असतील तर रेघ कुठेतरी ओढावी लागते, आणि साहेबांच्या मर्जीपेक्षा सूत्र केव्हाही बरं. तक्रार वेगळी आहे. मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी आपण घोकतो ना, विश्वसनीयता वेगळी आणि वैधता वेगळी? दोन डॉक्टरांनी तोच आकडा दिला, तर मोजमाप विश्वसनीय. पण ते शरीर मोजतंय. काम कुठे अडतं ते मोजत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या आहे, ती दीर्घकालीन कमतरता आणि भोवतालचे अडथळे या दोन्हींवर उभी आहे. त्या व्याख्येत टक्का नाहीच. ४० चा आकडा येतो तो 'लक्षणीय दिव्यांगत्वा'साठी, म्हणजे मुख्यतः आरक्षणासारख्या लाभांसाठी.

आमच्याकडच्या एका ज्युनिअरच्या उजव्या अंगठ्यात जोर नाही. प्रमाणपत्रावर २८ टक्के. दिवसभर साधं पिपेट दाबणं त्याला अशक्य, आणि शेजारच्या लॅबच्या कपाटात इलेक्ट्रॉनिक पिपेट पडून होतं! अर्जावर उत्तर आलं, '४० भरत नाहीत.' अरे, तो जागा मागत नव्हता, पिपेट मागत होता.

हा गोंधळ सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच निस्तरला होता. लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससी परीक्षार्थ्याला लेखनिक हवा होता. वाजवी सोय मिळायला ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० च्या खालच्या, लिहिण्यात अडचण असलेल्या परीक्षार्थ्यांसाठी वेगळ्या सूचनाही काढल्या. गंमत म्हणजे हाच आकडा उलट्या बाजूनेही चालतो. वाचा-भाषा दिव्यांगत्व ४० च्या वर गेलं म्हणून एका विद्यार्थ्याला एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या त्या प्रकरणात २०२४ साली न्यायालयाने म्हटलं की नुसता टक्का पुरेसा नाही, विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का ते तपासा. खाली असाल तर सोय नाही, वर असाल तर प्रवेश नाही. मधल्या मध्ये माणसाने करायचं काय?

आता तुमच्या प्रबंधाकडे वळू. नमुना '४० आणि वर' असाच निवडलात, तर ज्यांना सोय नाकारली जाते त्यातले बरेच जण तुमच्या डेटात येणारच नाहीत, आणि तुमचा तक्ता सांगेल की सोयींची स्थिती बरी आहे. गाइडना विचारून टक्क्यांचा रकाना ठेवा हवा तर, पण होय/नाही न विचारता आकडा लिहून घ्या. त्याच्याखाली चार प्रश्न जोडा: कोणतं काम अडतं, काय बदललं तर अडणार नाही, ते मागितलंत का, आणि काय उत्तर मिळालं.